आमगावच्या तुसाचे मोल

एखाद्या मुलखात विजेचा मोठा कारखाना उभा राहिला म्हणजे त्या मुलखाचे दारिद्र्य आपोआप हटते, अशी एक समजूत आपल्या पुढाऱ्यांत आणि सुशिक्षितांत फार दिवसांपासून घर करून बसली आहे. ही समजूत खरी असती, तर गोंदिया जिल्हा आज महाराष्ट्रातील संपन्न जिल्ह्यांच्या पहिल्या पंक्तीस बसला असता. कारण तिरोड्याचे औष्णिक वीजकेंद्र हे काही लहानसहान प्रकरण नव्हे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे पाच संच, मिळून ३३०० मेगावॅट. पैकी पहिला संच इ. स. २०१२ मध्ये सुरू झाला आणि २०१४ पर्यंत पाचही चालू झाले. एवढी वीज ज्या जिल्ह्यात निघते, त्याच जिल्ह्यातील आमगाव तालुक्याचा तरुण धानाची कापणी आटोपली की मजुरी शोधावयास परमुलखाची गाडी पकडतो. या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न जितक्या स्पष्टपणे विचारला जावयास पाहिजे होता तितक्या स्पष्टपणे अद्याप विचारला गेलेला नाही. तो आज आम्ही वाचकांपुढे मांडतो.

प्रथम भूगोल पाहू. हावड्याहून नागपूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेस आमगाव आणि पश्चिमेस तिरोडा आहे. छत्तीसगडातील खाणींचा कोळसा भरून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालगाड्या आमगावच्या स्थानकावरून धडधडत निघून जातात. तिरोड्यास त्या कोळशाची वीज होते, त्या कामी वैनगंगेचे पाणी लागते, आणि ती वीज ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीवरून कोराडी व अकोला या वाटेने थेट मराठवाड्याकडे व तेथून पुढे राज्याच्या जाळ्यात शिरते. म्हणजे कोळसा आमगावच्या दारावरून जातो, पाणी जिल्ह्यातील नदीचे जाते, राख जिल्ह्यात उरते, आणि वीज मात्र दूर देशी रवाना होते. जिल्ह्याच्या वाट्यास जे येते ते इतर कोणत्याही जिल्ह्यास येते तेवढेच, त्याच दराने आणि त्याच वेळापत्रकाने.

हे लिहिताना त्या कारखान्याविषयी आमच्या मनात द्वेष आहे असे कोणी समजू नये. त्या केंद्रामुळे तिरोड्याच्या बाजारपेठेत चलनवलन वाढले, काही कुटुंबांस कायमचे काम मिळाले, अनेकांस कंत्राटे मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. राज्यास विजेची गरज होती व ती भागली, हेही खरे. परंतु अशा अतिप्रचंड यंत्रांचा स्वभावच असा आहे की, ती उभारताना हजारो हात लागतात आणि चालविताना थोडके पुरतात. आणि ते थोडके हातही बहुधा दूरच्या शहरांत शिकून आलेल्यांचे असतात. वीज ही कापडासारखी किंवा गुळासारखी वस्तू नव्हे, की जेथे ती तयार होते तेथेच तिच्याभोवती पेठ वसावी. ती क्षणार्धात शेकडो मैल जाते. म्हणून वीज जेथे निघते तेथे संपत्ती साठत नाही. ती जेथे खपते, जेथे तिच्या बळावर कच्च्या मालाचा पक्का माल होतो, तेथे साठते. हे साधे अर्थशास्त्र ध्यानात न घेता केवळ मेगावॅटचे आकडे मोजून विकासाचे पोवाडे गाणे, म्हणजे तिजोरी वाहून नेणाऱ्या हमालास धनिक म्हणण्यासारखे आहे.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाही. इ. स. १९१५ मध्ये खोपोलीस टाटांचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांची चाके त्या विजेवर फिरू लागली. पुढे याच कामासाठी मुळशी पेट्यात धरण घालावयाचे ठरले तेव्हा मावळ्यांच्या पिढीजात भातजमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या, आणि १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. त्या लढ्यात मावळ्यांचा पराभव झाला. वीज निघाली, मुंबई वाढली, राष्ट्राच्या उद्योगासही बळ आले. पण ज्याची जमीन गेली त्या मावळ्याच्या झोपडीत त्या विजेचा दिवा कित्येक वर्षे लागला नाही. आम्ही राष्ट्रीय बाण्याचे आहोत, आणि देशी उद्योगाचा अभिमान आम्हांस इतर कोणाहून कमी नाही. पण राष्ट्र म्हणजे केवळ राजधान्या नव्हेत. मुळशी व आमगाव ही खेडीही राष्ट्रच आहेत, आणि त्यांस केवळ त्यागाचा वाटा देऊन लाभाचा वाटा नाकारणे हा राष्ट्रधर्म नव्हे.

कायद्याने हा अन्याय थोडाबहुत ओळखलेला आहे, पण अर्धवट. इ. स. २००८ च्या जलविद्युत् धोरणात असे ठरले की, प्रकल्पाने यजमान राज्यास द्यावयाच्या बारा टक्के मोफत विजेखेरीज आणखी एक टक्का वीज स्थानिक क्षेत्राच्या विकासनिधीसाठी द्यावी. पाण्याच्या विजेस जो न्याय लागू झाला तो कोळशाच्या विजेस का लागू होऊ नये? धरणाखाली जमीन जाते, तशी राखेखालीही जाते; नदी अडते, तशी ती उपसलीही जाते. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के लोकहितार्थ खर्च करावयाचे व त्यात आसपासच्या मुलखास अग्रक्रम द्यावयाचा, अशी योजना २०१३ पासून आहे. परंतु हा खर्च कोठे व कसा करावयाचा ते कंपनी ठरविते. तो लोकांचा हक्क नव्हे. औष्णिक केंद्रापासून निघणाऱ्या प्रत्येक युनिटामागे एक ठरावीक अंश त्या जिल्ह्याच्या उद्योगनिधीत पडलाच पाहिजे, अशी मागणी गोंदिया, चंद्रपूर व नागपूर या तीनही जिल्ह्यांच्या प्रतिनिधींनी विधिमंडळात एकमुखाने करावी, असे आमचे मत आहे.

तथापि दुसऱ्याच्या भट्टीतील वाटा मागण्याने आमगावचे भले व्हावयाचे ते थोडेच. आमच्या मते आमगावचा खरा मार्ग निराळा असून तो आमगावच्याच अंगणात पडलेला आहे. महामहोपाध्याय मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर ते हेच म्हणून जे पदमपूर दाखविले ते आमगावनजीकच आहे, आणि या परिसरास आपल्या प्राचीन कीर्तीचा अभिमानही आहे. पण प्राचीन कीर्तीने पोट भरत नाही; ते भरते धानाने. वाघ नदीच्या खोऱ्यात, पुजारीटोला व कालीसरारच्या कालव्यांवर आणि जुन्या मालगुजारी तलावांवर हा सारा मुलूख धान पिकवितो, आणि ते धान आमगाव व गोंदिया येथील तांदळाच्या गिरण्यांत भरडले जाते. एक क्विंटल धान भरडले असता सुमारे वीस किलो तूस निघतो, ज्यास बाजारात नुसता भुसा म्हणतात. त्याची उष्णता हलक्या प्रतीच्या दगडी कोळशाच्या जवळपास असते. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या तो आपल्या बाष्पकात जाळतात. पण अरवा तांदूळ काढणाऱ्या गिरणीस वाफेची गरज नसते. तिचा तूस व्यापाऱ्याच्या मालमोटारीत भरून विटांच्या भट्ट्यांस किंवा दूरच्या कारखान्यांस जातो, आणि तीच गिरणी आपले यंत्र फिरविण्यास बाहेरची वीज महाग दराने विकत घेते. घरचे सरपण परगावी विकावयाचे आणि परगावचा विस्तव भाड्याने आणावयाचा, असा हा विपरीत व्यवहार आहे.

हिशेब करून पाहावा. वर्षास एक लाख क्विंटल धान भरडणारी गिरणी घेतली तर तिच्याकडे वीस हजार क्विंटल तूस जमतो. लहान यंत्रात एका युनिटास दोन किलो तूस लागतो असे धरले, तरी त्यातून दहा लाख युनिटे वीज निघते. अरवा तांदूळ काढण्यास दर टनास पंचवीस ते चाळीस युनिटे लागतात असे मानले, तर त्या गिरणीची स्वतःची गरज अडीच ते चार लाख युनिटांची. बाकीची वीज शिल्लक राहते. तूस जळून जी राख उरते तिच्यात सिलिका फार असल्याने पोलादाच्या कारखान्यांत व सिमेंटच्या कामी तिचा उपयोग होतो. म्हणजे येथे फुकट जाण्यासारखे काहीच नाही.

येथे एक गोष्ट शेतकऱ्यांनी कान देऊन ऐकावी. आधारभूत भावाने खरेदी केलेले सरकारी धान भरडावयास दिले म्हणजे क्विंटलमागे ६७ किलो अरवा तांदूळ सरकारास परत करावयाचा असतो. कणी, कोंडा व तूस गिरणीकडे राहतात. शेतकऱ्याने धान विकले की त्या धानाच्या टरफलावरील त्याचा संबंध संपला. गिरणीवाला भरडाईचा दर परवडत नाही म्हणून तक्रार करतो आणि त्या तक्रारीत तथ्य असेलही; पण तुसाचे मोल वाढले तर ते वाढीव मोल कोणाच्या पदरात पडणार, याचा विचार आधीच झाला पाहिजे. केवळ गिरणीमालकांनी विजेचे यंत्र बसविले तर गिरणीमालकांचा खर्च वाचेल, एवढेच. आम्हांस तेवढ्याने समाधान नाही. धान पिकविणारा, ते भरडणारा आणि वीज वापरणारा या तिघांची मिळून एक सहकारी संस्था आमगावास स्थापन झाली पाहिजे, आणि तिचे भाग शेतकऱ्यास धानाच्या मापाने घेता आले पाहिजेत.

ही केवळ कल्पना नव्हे. बिहारात पश्चिम चंपारण जिल्ह्यातील तमकुहा नावाच्या खेड्यात इ. स. २००७ मध्ये काही होतकरू तरुणांनी तुसापासून वायू करून त्यावर जनित्र चालविले आणि ज्या गावात तार पोहोचली नव्हती तेथे दिवे लावले. पुढे त्यांनी हा उद्योग अनेक खेड्यांत नेला. अडचणी आल्या, हेही सांगितले पाहिजे. तुसाच्या वायूबरोबर डांबर निघते, ते यंत्रात साचते, आणि ते वेळच्या वेळी साफ करणारा कसबी माणूस गावातच तयार करावा लागतो. नंतर त्याच मंडळींनी सूर्यशक्तीची जोड घेतली. यावरून तुसाचे यंत्र निरुपयोगी ठरत नाही. दिवसा सूर्य व रात्री तूस अशी जोडी जमविणे शहाणपणाचे, इतकेच ठरते. सूर्यास साठविणे महाग पडते. तुसाचा ढीग गोदामात स्वस्थ पडून राहतो व मागाल तेव्हा वीज देतो.

मग ही वीज करावयाची काय? आमच्या सूचनेचे मर्म येथेच आहे. ती ग्रिडात विकून चार पैसे मिळविणे हा शेवटचा उपयोग होय, पहिला नव्हे. उन्हाळी धान निघते त्या सुमारास वळवाचा पाऊस येतो आणि ओले धान बाजारात मातीमोल होते. तुसाच्या उष्णतेवर चालणारी सुकवणी असेल तर तेच धान टिकेल. या भागातील तलावांत मासळी होते, पण ढीवर बांधवांस ती पकडल्या दिवशीच पडेल त्या भावाने विकावी लागते; बर्फाचा कारखाना व शीतगृह असेल तर त्यांस एक दिवस थांबता येईल, आणि व्यापारात एक दिवस थांबता येणे हीच निम्मी श्रीमंती आहे. कोंड्यापासून तेल निघते. पण कोंडा ताजा असताना त्यावर उष्णतेची क्रिया झाली पाहिजे, नाहीतर तो खवट होतो. मोहाची फुले, लाख, हिरडा हा वनमाल आज पोत्यात भरून जसाचा तसा बाहेर जातो. या प्रत्येक ठिकाणी उणीव आहे ती हमखास विजेची व उष्णतेची. ती उणीव भरून निघाली म्हणजे जो तरुण आज गाडीत बसून जातो तो उद्या येथेच यंत्रावर उभा राहील.

कायदा आड येतो काय? आम्ही कायद्याचे अभ्यासक म्हणून निःसंकोच सांगतो की, येत नाही; उलट वाट मोकळी करतो. इ. स. २००३ च्या विद्युत् अधिनियमाप्रमाणे वीज उत्पन्न करण्यास परवाना लागत नाही. त्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात स्वतःच्या उपयोगाच्या वीजकेंद्राची जी व्याख्या आहे तिच्यात सभासदांच्या वापरासाठी सहकारी संस्थेने उभारलेले केंद्र स्पष्ट शब्दांनी घातलेले आहे. २००५ च्या नियमांप्रमाणे अट इतकीच की, मालकीचे किमान २६ टक्के भाग वापरणाऱ्यांचे असावेत आणि वर्षाकाठी निघणाऱ्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरावी. सहकारी संस्थेच्या बाबतीत सभासदांनी मिळून या अटी पुऱ्या केल्या तरी चालतात. असे केंद्र असले म्हणजे ४२ व्या कलमातील अधिभार त्या विजेवर बसत नाही; तारेचे भाडे तेवढे द्यावे लागते. शिवाय १४ व्या कलमाच्या परंतुकान्वये राज्य सरकार जी ग्रामीण क्षेत्रे अधिसूचित करील तेथे वीज उत्पन्न करून वाटण्यासही परवान्याची आवश्यकता नाही; आणि पाचव्या कलमात तर ग्रामीण वितरणाचे काम पंचायती व सहकारी संस्थांकडे देण्याचे धोरण केंद्र सरकारने आखावे, असे म्हटले आहे. इतके असून आमगावात अशी एक संस्था निघू नये, याचा दोष कायद्यावर ढकलता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. सहकारी विजेचा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झाला, त्याचे काय झाले, असे आम्हांस विचारले जाईल. नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था १९६९ च्या सुमारास मोठ्या उमेदीने निघाली. पण पुढे महावितरणचे देणे डोईजड झाले आणि २०११ मध्ये परवान्याची मुदत सरताच वितरण महावितरणाकडे गेले. हे खरे. पण त्याच काळात बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीची संस्था निघाली, ती आजतागायत चालू आहे. तेव्हा सहकाराने वीज चालतच नाही, हा निष्कर्ष निघत नाही. मुळा-प्रवरेपासून घ्यावयाचा धडा असा की, दुसऱ्याची वीज घाऊक घेऊन किरकोळ विकणारी संस्था, जर वसुलीत ढिली राहिली, तर दोन्ही बाजूंनी चेपली जाते. आमगावची संस्था अशी अडतीची नसावी. तिचा कच्चा माल सभासदांचा, गिऱ्हाईकही सभासदच, आणि थकबाकीदारास संचालक होण्याची मनाई, ही तीन तत्त्वे तिच्या उपविधीत पहिल्याच पानावर असावीत. देशात पुष्कळ ठिकाणी बाहेरचा तूस विकत घेऊन चाललेली केंद्रे इंधनाचे भाव चढताच बंद पडली. त्यावरही हाच तोडगा आहे: ज्याचा तूस त्याचेच केंद्र असले म्हणजे भाव चढला तरी पैसा घरच्या घरीच फिरतो.

दुसरा आक्षेप असा की, शेतीपंपांस साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज २०२४ पासून मोफत झाली आहे, मग हा खटाटोप कशास? बिल माफ झाल्याने शेतकऱ्याचा भार हलका झाला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण माफी ही सरकारच्या मर्जीवर व मुदतीवर असते. आणि फुकटच्या विजेने पंप चालतो, कारखाना उघडत नाही. दानाने दिवस निघतो, पिढी उभी राहत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सहकारी मंडळी स्थापून आपल्या सौरपंपांची उरलेली वीज वीजकंपनीस विकण्यास आरंभ केला. तेथे शेतकरी विजेचा याचक न राहता विक्रेता झाला. ही पायरी चढण्यास आमगावचा शेतकरी कमी हुशार आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या मुलखातील कोहळी समाजाने कोणाही इंजिनियराची वाट न पाहता तलावामागून तलाव बांधून काढले, त्या मुलखास सामुदायिक कामाचे धडे बाहेरून आणावे लागत नाहीत.

सारांश, करावयाचे ते येणेप्रमाणे. तालुक्यातील प्रत्येक गिरणीत वर्षास किती धान भरडले जाते, किती तूस निघतो व तो कोठे जातो, याची मोजदाद पंचायत समितीने या खरीप हंगामातच करावी. गिरणीवाले, शेतकऱ्यांच्या सेवा सहकारी संस्था व मच्छीमार संस्था यांची एक सभा आमगावास भरावी व तीत संस्थेचे प्रवर्तक निवडले जावेत. पहिले यंत्र लहान, एकाच गिरणीजवळ बसवावे. वर्षभर त्याचा जमाखर्च चावडीवर लावावा. आणि तो हिशेब पटला तरच दुसरे बसवावे. तंत्रनिकेतनातील मुलांस त्या यंत्रावर उमेदवारी द्यावी. जिल्हा मध्यवर्ती बँकेने कर्ज देताना गिरणीमालकाची इस्टेट पाहण्याबरोबर शेतकऱ्यांचे भाग किती आहेत हेही पाहावे. आणि विधिमंडळातील प्रतिनिधींनी तिरोड्याच्या विजेतील स्थानिक वाट्याची मागणी लावून धरून, तो निधी मिळाल्यास अशाच संस्थांच्या भांडवलात घालण्याची अट पाडावी.

यांत अशक्य असे काहीही नाही. मोठ्या भांडवलाची वा परदेशी विशेषज्ञाचीही अपेक्षा नाही. अपेक्षा आहे ती चार गिरणीवाल्यांनी आपसांतील चुरस बाजूस ठेवण्याची आणि चारशे शेतकऱ्यांनी एकेक भाग घेण्याची. कोळशाच्या गाड्या आमगावावरून जातच राहतील. त्या अडविण्याचे आमगावास कारण नाही. पण आपल्या तुसाच्या गाड्या बाहेर जाऊ द्यावयाच्या की नाहीत, हे मात्र सर्वस्वी आमगावच्या हाती आहे. तो निर्णय येत्या धानाच्या हंगामापूर्वी व्हावा, अशी आमची आमगावकरांस आग्रहाची विनंती आहे.